डाव्या हातानं भरलेली ओटी

माह्या तोंडाले हाड नाही असं माय म्हनते. नसंन. पन माह्या पाठीमांगं कोनी गावभर फिरून माही चौकशी करत असंन, अन् मले सोडून साऱ्या दुनियेले इचारत असंन, तर मंग ते हाड ठेवून तरी काय करू. म्हनून जे झालं ते मीच सांगते. दुसऱ्याच्या तोंडून आयकलं तर त्याच्यात मानोऱ्याचा एक नवरदेव बी भेटंन तुमाले. त्याले मी जलमात पाह्यलं नाही.

आमी केनवडचे. गावाच्या कडेले आमचा भाजीपाल्याचा मळा हाय. बाबा पुंजाजी, माय सोनीबाई, मी तनुजा अन् माह्याहून लहान पल्लवी, एवढेच आमी घरात. मेथी, सांबार म्हनजे कोथिंबीर, पालक, वांगे काढाचे, जुड्या बांधाच्या अन् बाजाराच्या दिवशी दुकान लावाचं. बी.ए. झालं तरी बाजारात तराजू मीच धरते. बाबाइले कोनी "अजून थोडं टाका ना भाऊ" म्हनलं का ते टाकून मोकळे होतात.

रिसोडचं स्थळ बाबाच्याच वळखीतून आलं. त्याइची रोपवाटिका हाय. वांग्याचे अन् मिरचीचे रोपं आमी तिथूनच आनतो. पोराचं नाव धीरज. बाप चंपतराव, निरा गरीब गाय. माय आवडाबाई. तिच्याबद्दल रिसोडात सांगतात का ती रोपं इकतानी बी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं पाह्यते, हा मानूस रोपं जगवंन का मारून टाकून माह्या नावानं बोंबलंन. मले हे आयकून बरंच वाटलं होतं. म्हनलं, बाई माह्यासारखीच हाय, जमंन आपलं.

धीरज बी मले आवडला होता, ते काहून लपवू. कमी बोलनारा पोरगा. पयल्या भेटीत मी त्याले इचारलं, तुमचे मिरचीचे रोपं आमच्या वावरात माना काहून टाकतात, तर त्यानं लाजनं-बिजनं सोडून माती कशी दाबाची ते मले हातानं करून दाखवलं. त्याच्या नखात माती होती. मायले ते आवडलं नाही, मले आवडलं.

आमच्याकडं पसंती झाली का पयले कुंकू लावतात. पोराची माय घरी येते, पोरीले पाटावर बसवते, कुंकू लावते, खना-नारळानं ओटी भरते, लुगडं देते. मंग साक्षगंध म्हनजे साखरपुडा, मंग लग्न. कुंकू लागलं म्हनजे गोठ पक्की. त्याच्यानंतर मोडलं तर पोराले दुसरी भेटते, पोरीच्या नावाले मात्र बट्टा लागते. लोकं इचारतात, मोडलं काहून? काहीतरी असंनच ना.

आवडाबाई चंपतरावाले अन् धीरजले घेऊन कुंकू लावाले आली तवा घरात पाय ठेवल्या ठेवल्या तिनं हुकूम काढला. "साक्षगंध होयेपर्यंत एकबी फोटो नाही काढाचा. फोटो मोबाइलात गेला का गावभर होते. उद्या काही इकडंतिकडं झालं तर पोरीचाच फोटो लोकाइजवळ राह्यते." बोलनं काही खोटं नोहतं. बाबाइले तर लय पटलं. सगळ्याइनं आपापले मोबाइल टीव्हीजवळ नेऊन ठेवले. पल्लवीनं बी एक ठेवला, पन तो माहा होता. तिचा तिच्याजवळच राह्यला.

त्या दिवसाइत पल्लवीले अन् माह्या मैत्रिनीले, नमराले, एका अ‍ॅपचं याड लागलं होतं. नमरा रिसोडची. कॉलेजात आमी संगं होतो. तिचे अब्बा निजामुद्दीन चाचा, त्याइचं बांगड्याइचं दुकान. तर ते अ‍ॅप जुन्या रिळाच्या कॅमेऱ्यासारखं. फोटो काढला का लगेच दिसत नाही. रीळ संपलं का ते धुवाले जाते म्हने, अन् दुसऱ्या दिवशी सारे फोटो एकदम येतात. कोनाचं तोंड कापलेलं, कोठी लाल पट्टा, कोठी पिवळं पडलेलं, अन् खाली कोपऱ्यात नारंगी आकड्यात तारीख. मायच्या लग्नाच्या अल्बमात हायेत ना, हुबेहूब तसे.

तारखेचं साल आपल्याले पाह्यजे ते टाकता येते. पल्लवीनं २१ टाकून ठेवलं होतं. त्या साली कोरोनापायी दहावीची परीक्षाच झाली नाही अन् ही पोट्टी पास झाली. तिच्या मते त्याच्याहून चांगलं साल देवानं अजून बनवलं नाही.

आमचा तिघीचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गुरप होता, नाव "रीळ". फोटो आले का तिथं टाकाचे अन् मंग एकेका फोटोवर बसून चर्चा करत राहाची, जशी काही आमाले परीक्षकाची नोकरी लागली. नमरानं तिच्या भावाचा, अमानचा, दाढी करतानीचा फोटो टाकला होता. पल्लवी म्हने, "हा लाल पट्टा बरोबर गळ्यावर आला, खुनाची केस वाटते." मी वांग्याच्या ढिगाचा काढला, तर नमरा म्हने, "तनु, ये वांगे तुह्या आजोबाच्या जमान्यातले वाटून राह्यले, गिऱ्हाइकाले नको दाखवू." अशी आमची मजाक चालाची.

कुंकवाच्या दुसऱ्या दिवशी पल्लवीचं रीळ धुवून आलं अन् त्याच्यात तो फोटो निंघाला. ओटी भरतानीचा. ती सयपाकघराच्या दारात उभी होती, तिथून तिनं लोखंडी कपाटाच्या आरशावर मोबाइल धरला होता, म्हनजे कोनाले वाटावं पोट्टी मोबाइलात टाइम पाहून राह्यली. आरशात जेवढं दिसलं तेवढं आलं. माह्या मांडीवरचा नारळ, नारळावर आवडाबाईचा हात, हातातल्या हिरव्या बांगड्या, मधल्या बोटात चपटी अंगठी. आवडाबाई बाकी कोठीच नाही. माहं तोंड वरतून कापलेलं, खाली उरली हनुवटी अन् तिच्यावरचा तीळ. हिरव्याचं तपकिरी झालं, माह्या डाळिंबी लुगड्याचं भलतंच काहीतरी झालं.

मी पयले पल्लवीले झाप झाप झापलं. मंग फोटो पुन्हा पाह्यला. मंग अजून एकबार पाह्यला. माह्या कुंकवाची तेवढीच एक आठवन होती.

नमरा म्हने, "पदर पाह्य ना तुहा, उजव्या खांद्यावर. पूरी गुजरातन लग री."

"आरसा हाय बाई तो."

"लेकिन बांगड्या क्या मस्त आल्या. ह्या हमारे दुकानच्याच हायेत ना?"

"तुमच्याच. पन हे पाह्य, गुरपच्या बाहेर गेला नाही पाह्यजे. आवडाबाईले मालूम पडलं तर मले रोपासंगं मातीत दाबंन."

"हाव हाव," नमरा म्हनली. गोठ तिथंच संपली, असं मले वाटलं.

त्याच्यानंतर धीरजचं बोलनं बदललं. रोज जेवल्यावर त्याचा फोन येत होता. गोष्टी काही मोठ्या नोहत्या, आज काय लावलं, काय उपटलं, कोनत्या मशीनीनं दगा देल्ला. आता फोन येयाचा पन मंधातच तो गप्प होयाचा, जशी काही बाजूले कोनी बसून आयकून राह्यलं. एक दिवस तो सरळच इचारते, "कोरोनात तुमी कोठी होते?"

मी म्हनलं, "घरीच. कोठी जाऊ, फिराले?"

"नाही, म्हनजे घरी कोनी पाहुने वगैरे येत होते का?"

"पोलीस येत होते, बाजार उठवाले."

तो हासला नाही. मले तवाच शंका आली. मंग दोन-तीन दिवसानं पुन्हा, "तुमच्या नात्यात कोनी डावरं हाय का?"

"काहून? तुमाले क्रिकेटची टीम काढाची हाय का?"

"असंच," म्हने.

असंच कोनी इचारत नाही. मी फोन ठेवला अन् इचार करत बसली. आधी वाटलं का याचंच कोठी काही असंन, कोनी दुसरी पोरगी, अन् आता माह्यावर काहीतरी काढून हा सुटाले पाह्यते. पोरं असं करतात. सरळ नाही म्हनाले जीभ उचलत नाही, मंग पोरीतच खोट काढतात.

साक्षगंधाची तारीख ठरली होती ती त्याइनं पुढं ढकलली. मुहूर्त बरोबर नाही म्हने. बाबानं फोनवर इचारलं, "मंग दुसरा कोनता पाहू?" तिकडून चंपतराव म्हनले, "सांगतो, सांगतो," अन् कोनीतरी त्याइच्या हातातून फोन घेतला अन् कट केला.

बाजाराच्या दिवशी खरा इषय कळला. आमच्या बाजूले सुकेशनीमावशी वाळल्या मिरच्या घेऊन बसते. तोंडाची फटकळ पन मनाची साफ बाई. गिऱ्हाइक कमी झालं तशी ती सरकून माह्याजवळ आली अन् म्हने, "तनुजा, तुही सासू मांगच्या बाजारी इथं आलती, मालूम हाय का तुले?"

मले मालूम नोहतं. त्या दिवशी मी दुकानावर नोहती, बाबा होते, अन् बाबाच्या दुकानाकडं आवडाबाई फिरकली बी नोहती.

"साऱ्या बाजारात इचारत फिरली. म्हने, या बाजूले कोनी डावरी बाई हाय का, जिचा पोरगा कोरोनाच्या साली लग्नाचा होता. मी म्हनलं, कायले पाह्यजे? तर म्हने, एका पोरीचं पयले कुंकू झालतं का ते पाह्याचं हाय."

"कोन्या पोरीचं?"

सुकेशनीमावशीनं माह्याकडं पाह्यलं अन् मिरच्या सारख्या कराले लागली. मले समजलं. समोर एक बाई मेथीची जुडी हातात घेऊन उभी होती. तिनं जुडी पाह्यली, मले पाह्यलं, जुडी खाली ठेवली अन् पुढं गेली. मेथी ताजी होती. रागानं माह्या कानशिलातून वाफा निंघाल्या.

बाजारात रिकामटेकडे कमी नाहीत. त्याच्यातल्याच कोन्यातरी बह्याडानं आवडाबाईले सांगून टाकलं का मानोऱ्याकडं एक डावरी बाई हाय, पोरगा पुन्याले असते, त्याचं कोठीतरी जमून मोडलं होतं. झालं. दुसऱ्याच हप्त्यात आवडाबाई पोहरादेवीले दर्शनाले म्हनून निंघाली अन् येतानी मानोऱ्यात उतरून त्या बाईच्या घरी जाऊन आली. ती बाई डावरी होती हे खरं. पोराचं मोडलं होतं हे बी खरं. पोरगी पुसदची होती, केनवडची नोहती. पन आवडाबाई तिथून निंघाली अन् तिच्या मांगं गोठ निंघाली, अन् गोठ तिच्या आधी केनवडले येऊन पोचली.

ती आनली भाऊसिंगनं. त्याची गाडी आमची भाजी मानोऱ्याकडं नेते. मानूस वाईट नाही, उलट बाबाचा दोस्तच. पालकाचे गठ्ठे चढवता चढवता तो म्हने, "पुंजाजी, पोरीचं आमच्या मानोऱ्यात जमलं होतं अन् तुमी मले कधी सांगतलं नाही. मीच चौकशी करून देली असती ना."

बाबाइनं उरलेले गठ्ठे चढवून देले. घरी आले, हातपाय धुतले, अन् जेवाले बसले तर भाकर मोडून तशीच ठेवून देली.

मायनं दार लोटून घेतलं अन् मले समोर बसवलं. "तनुजा, खरं सांग. कॉलेजात असतानी काही झालतं का? कोनाच्या घरी गेलती का तू?"

"माय, तू बी?"

"मी नाही म्हनत, लोकं म्हनतात."

"कोरोनात मी तुह्याच संगं एका घरात होती ना. दिवसभर आपन तिघी अंगनात पापड लाटत होतो. मानोऱ्यात कवा गेली मी, पापडावर बसून?"

मायनं डोळ्याले पदर लावला. तिले माहा भरोसा होता, पन लोकाइचा बी होता, अन् दोन्ही एका बाईच्या पोटात मावत नोहते. मले रडू आलं नाही. लय वाईट वाटलं पन रडू आलं नाही.

मंग मी बी साऱ्याइवर शक कराले लागली. रोग लागते ना तसं ते लागते. पल्लवी मोबाइल घेऊन अंगनात गेली तरी मले वाटे, ही काहीतरी लपवून राह्यली. सुकेशनीमावशीनंच तर गोठ नाही वाढवली? नमराले फोन केला. म्हनलं, "तो फोटो तू कोनाले देल्ला होता का?"

"किसीकोच नहीं, कसम से," नमरा म्हनली, पन लवकर म्हनली, अन् लगेच म्हने, "अब्बा बुला रहे," अन् फोन ठेवून देल्ला. निजामुद्दीन चाचा त्या टायमाले नमाजाले जातात, हे मले चांगलं मालूम हाय.

शेवटी मी धीरजलेच फोन लावला. "हे पाहा, माह्याबद्दल काही इचाराचं असंन तर मले इचारा. साऱ्या तालुक्याले कायले तरास देता?"

तो मंग म्हने, "आई येऊन बोलंन."

ते तिघं आले. आवडाबाई, चंपतराव अन् धीरज. मायनं पानी आनलं. चंपतरावानं गिलास घेतला, तर आवडाबाईनं त्याइच्याकडं असं पाह्यलं का त्याइनं तो तसाच खाली ठेवला. आमच्याकडं पाहुन्यानं पानी नाही घेतलं म्हनजे गोठ बिघडली. बाबाचा चेहरा उतरला. आवडाबाई बाजेच्या कडेले बसली, उठून जानाऱ्या मानसासारखी.

"पुंजाजी," ती म्हनली, "मी वाकड्यात जानारी बाई नाही. एक फोटो दाखवते. तुमीच सांगा काय समजाचं ते."

धीरजनं खिशातून मोबाइल काढला अन् बाबाच्या हातात देल्ला. मी मांगून पाह्यलं. तो आमचाच फोटो होता, स्क्रीनशॉट काढलेला. वरतं निजामुद्दीन चाचाच्या बांगड्याइच्या दुकानाचं नाव, म्हनजे दुकानाच्या मोबाइलावर स्टेटस ठेवलं होतं. खाली नमराच्या तऱ्हेनं लिहलेलं, "पुरानी यादें". अन् कोपऱ्यात नारंगी २१. तोंड दिसत नाही तर काय होते, असं नमराले वाटलं असंन, बांगड्या झकास दिसतात तर दुकानाचं काम होऊन जाईन. दुकानाचा नंबर आवडाबाईजवळ होता. साक्षगंधाच्या बांगड्या तिनं तिथूनच घेतल्या होत्या.

बाबाइनं तर तो फोटो जलमात पाह्यला नोहता. माय भिताडाले टेकून खाली बसली.

आवडाबाई मात्र जोरात आली. "तीळ तुमच्या पोरीचा. हे मी झोपेत बी वळखन. साल पाहा, २१. कोरोनात लोकाइनं घरच्या घरीच उरकले कार्यक्रम, कोनाले कानोकान खबर नाही. पदर पाहा उलटा, म्हनजे पोरगी पदराले नवीन होती. अन् आमच्या कुंकवाले तर एकबी फोटो निंघाला नाही, मीच काढू देल्ला नाही. मंग ही ओटी कोनं भरली? हात पाहा, डावा हाय. कोनती बाई डाव्या हातानं ओटी भरते? जिनं भरली तिच्याच घरी मोडलं असंन, अन् काहून मोडलं ते मले कळलं पाह्यजे. माह्या एकुलत्या एक पोराचा सवाल हाय."

मले आधी हासू आलं. खरंच आलं, पोटातून. मंग ते हासू कोठीतरी अटकलं अन् त्याच्या जागी दुसरंच काहीतरी चढाले लागलं.

"मामी," मी आवडाबाईले म्हनलं, "त्या डावऱ्या बाईले मी वळखते."

सारे माह्याकडं पाहाले लागले. मायच्या तोंडून "बाई माय" निंघालं.

"बोलवू का आता तिले?"

"बोलव," आवडाबाई म्हनली. "मी भेत नाही कोनाले."

"मंग उठा."

मी पाट आनला अन् कुंकवाच्या दिवशी ठेवला होता तिथंच, कपाटासमोर ठेवला. देवाजवळचा नारळ आनून तिच्या हातात देल्ला. मी पाटावर बसली, पदर पसरला. "भरा ओटी."

"हे काय नाटक हाय?"

"भरा म्हनलं ना, मामी. एकबार भरली, अजून एकबार भरा."

तिनं बाबाकडं पाह्यलं, चंपतरावाकडं पाह्यलं, अन् वाकून नारळ माह्या पदरात ठेवला. उजव्या हातानं.

"हात उचलू नका. आता आरशात पाहा."

पल्लवी रडतच दारातून आली अन् धीरजचा मोबाइल तिनं आरशाच्या बाजूले धरला. आरशात नारळ होता, नारळावर हात होता, अन् तो हात डावा होता. माहा पदर उजव्या खांद्यावर होता. मधल्या बोटातली चपटी अंगठी आरशात बी तीच अन् मोबाइलात बी तीच.

चंपतराव उठून जवळ आले. एकबार आरसा पाह्यला, एकबार मोबाइल. "आवडे," ते म्हनले, "हा तुहाच हात हाय व."

पल्लवीनं हुंदके देत देत सारं सांगतलं. चोरून फोटो काढला, अ‍ॅपमधी साल तिनंच मांगचं टाकलं, दहावीचं. बाबा तिच्यावर हात उगारून उठले अन् तसेच खाली बसले, कारन त्याइच्या डोळ्यातून पानी येत होतं अन् ते खुशीचं होतं.

आवडाबाई अजून वाकलेलीच होती. मंग ती हासाले लागली. तिले हासतानी मी पयल्यांदा पाह्यलं. "बाई माय बाई, मी मानोऱ्यापर्यंत मलेच हुडकत गेली." मायनं लगेच चहा ठेवला. आवडाबाईनं गिलासातलं पानी एका दमात घेतलं अन् बाजेवर चांगली मांडी घालून बसली. "चाला, झालं गेलं गंगेले मिळालं. सोनीबाई, मुहूर्त काढाले सांगा. येत्या हप्त्यातच उरकून टाकू."

घर एकदम हलकं झालं. सारे बोलत होते. मी मात्र पाटावरच बसून होती, नारळ पदरात घेऊन. मी धीरजकडं पाह्यत होती. त्यानं बी हासून माह्याकडं पाह्यलं, जसा काही त्याचा बी काटा निंघाला.

"तुमी तवा इथंच बसले होते ना," मी म्हनलं. "समोर. ओटी भरतानी."

"हाव."

"हात वळखला नाही, जाऊ द्या. फोटोच तसा हाय. पन रोज माह्याशी बोलत होते. एकबार इचारलं असतं, तनुजा, हा फोटो कोनता हाय? एवढंच. काहून नाही इचारलं?"

तो आपल्या नखाकडं पाह्यत म्हनला, "आई म्हनली, इचारलं तर तुमी सावध होसान."

माय चहा गाळत होती, तिचा हात थांबला.

"सावध चोराले करतात," मी म्हनलं.

मले वाटलं होतं तो काहीतरी बोलंन. मनातल्या मनात मी त्याले मोका देत होती, बोल रे बाबा, काहीबी बोल, मी आयकून घेते. तो आईकडं पाह्यत राह्यला.

मी उठली. नारळ देवाजवळ ठेवला. आतमधून कुंकवाचं लुगडं काढून आनलं, घडी बी मोडली नोहती, अन् आवडाबाईच्या समोर बाजेवर ठेवलं.

"हे काय?" ती म्हनली.

"मामी, तुमी केनवडात इचारलं, मानोऱ्यात इचारलं, या पोरीचं पयले कोठी मोडलं. तवा कोठीच मोडलं नोहतं. आता मोडलं. उद्या माह्यासाठी कोनी पाहुना आला अन् त्यानं इचारलं का पयलं कोठी मोडलं, तर आमी खरं सांगू. रिसोडले, आवडाबाईकडं. मानोऱ्याच्या त्या बाईले तरास होनार नाही."

"तनुजा, चूप बस," माय म्हनली. तिचा आवाज फाटला होता. "कुंकू लागलं हाय."

"बोलू दे तिले," बाबा म्हनले.

धीरज मले आवडला होता, अन् त्या घडीले बी आवडत होता, हे सारं खरं. पन जो मानूस आज एक फोटो मले न इचारता खिशात घालून फिरला, तो उद्या माहा फोन, माहं माहेर, माहं लेकरू, सारंच असं खिशात घालून आईकडं नेईन, अन् मी सावध होऊ नये म्हनून मले सांगनार नाही. त्या घरात जलमभर मले माहीच साक्ष द्या लागंन.

आवडाबाई लुगड्याले हात लावत नोहती. पयल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "पोरी, माहं चुकलं असंन. पन कुंकू लागलेलं मोडू नाही. तुहंच नाव खराब होईन. लोकं काय म्हनतीन, त्याचा इचार कर."

"लोकं तेच म्हनतीन, मामी," मी म्हनलं, "जे तुमी त्याइले सांगून आल्या."

मंग बाबा उठले, त्याइनं ते लुगडं बाजेवरून उचललं, चंपतरावाच्या हातात देल्लं अन् दोन्ही हात जोडले.